हबेस, आरिया आणि तीन टनांचा दगड

मी धंद्याने खलाशी, आणि गेली चाळीस वर्षं राहतोय चंदीगडला. ही दोन वाक्यं एकापाठोपाठ सांगितली की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो आणि मग मनातल्या मनात नकाशा उघडतो. इथल्या मराठी मंडळात पहिल्यांदा गेलो तेव्हा एका डॉक्टरसाहेबांनी विचारलं, "नेव्हीत होता का?" मी नाही म्हटलं. "मग सुखना तलावावर होड्या चालवता?" आता काय बोलायचं? मी म्हटलं, "हो, संध्याकाळी या, फिरवून आणतो." ते बिचारे खरंच आले होते म्हणे.

तर आधी हे सांगून टाकतो. खलाशी म्हणजे अवजड सामान हलवणारा माणूस. मूळचे आम्ही जहाजावरचे. शीड चढवायचं, नांगर ओढायचा, गाठी अशा मारायच्या की वादळात सुटू नयेत आणि हव्या तेव्हा एका झटक्यात सुटाव्यात. ही अक्कल जहाजावरून गोदीत उतरली आणि गोदीतून कारखान्यांत गेली. मी दाभोळच्या खाडीकडचा. माझा मामा जहाजावर होता, मी मुंबईच्या गोदीत लागलो, आणि एका बॉयलरबरोबर इकडे आलो. बॉयलर बसला, आणि मीही इथेच बसलो. चंदीगडच्याच मनीमाजऱ्यात घर केलं, तिथल्या भंगारवाल्यांकडून रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर जमवले, गडी जमवले आणि पंजाबभर लोकांची यंत्रं उचलत हिंडलो.

या धंद्यात हुकूम दोनच. 'हबेस' म्हणजे उचल. 'आरिया' म्हणजे सोड, खाली येऊ दे. हे शब्द कुठून आले देव जाणे. कोणी म्हणतं पोर्तुगिजांकडून, कोणी म्हणतं अरबांकडून. मामाला विचारलं होतं, तर म्हणाला, "माझ्या मामाकडून." मी ते माझ्या पंजाबी आणि बिहारी गड्यांना शिकवले. त्यांनी ते निमूट घेतले, कारण ओझ्याला भाषा नसते. हुकूम द्यायचा एकट्या मुकादमाने. बाकी कुणी तोंड उघडायचं नाही. आठ माणसं बल्लीला, म्हणजे लांब लाकडी वाशाला, लटकलेली असताना डोकं चालत नाही, कान चालतात. 'आरिया' कानावर पडलं की हात आपोआप सैल होतात. विचार मागाहून येतो.

आता तुम्ही म्हणाल, आज क्रेन आहेत, हायड्रा आहेत, तुमची गरज काय? अगदी बरोबर. हायड्राने आमचं पोट मारलं, नावाला मी रिटायरच आहे. हायड्रा म्हणजे ती पिवळी, लांब सोंडेची गाडी, रस्त्यात पुढे असली की तुम्ही हॉर्न वाजवत बसता ती. पण हायड्रा सगळीकडे जात नाही. झिरकपूरला एका लग्नाच्या पॅलेसच्या दारात सिमेंटचा हत्ती होता, पोटात दगडगोटे भरून पक्का केलेला. वास्तुवाल्याने सांगितलं, सोंड पूर्वेला हवी. हायड्रा आणला असता तर पट्ट्याने हत्तीचं पोटच फाटलं असतं. मालक रडकुंडीला येऊन माझ्याकडे आला.

मी हत्तीचा चौथरा पहारीने आधी एका बाजूने उचलला, मग दुसऱ्या, आणि बरोबर मध्यावर नदीतला एक गुळगुळीत गोटा सरकवला. खालचं बाकी सगळं काढून घेतलं. आता अख्खा हत्ती त्या एका गोट्यावर तोललेला. मालकाच्या म्हाताऱ्या आईला म्हटलं, "बीजी, तुम्हीच ढकला." बीजींनी एका हाताने ढकललं आणि हत्ती फिरला. बीजींना त्याची इतकी गंमत वाटली की त्या थांबेनातच. सोंड पूर्व ओलांडून दक्षिणेला गेली, पश्चिमेला गेली, मालक मागे धावतोय, "बीजी, बस करो!" शेवटी सोंड पूर्वेला आणून हत्ती बसवला, तर दोन दिवसांनी शेजारच्या मिठाईवाल्याचा फोन. हत्तीचं मागचं अंग आता बरोबर त्याच्या जिलेबीच्या कढईसमोर आलं होतं. तीन वेळा गेलो मी त्या हत्तीसाठी. अखेर ईशान्येवर तह झाला.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आमच्या मंडळातलं एक भाषण. गणेशोत्सवात एका संध्याकाळी मोहालीत आयटीत असलेल्या कौस्तुभ नावाच्या तरुणाने पडद्यावर चित्रं दाखवत व्याख्यान दिलं. विषय, प्राचीन लोकांनी देवळांचे प्रचंड दगड कसे उचलले. मुलगा हुशार, बोलायला गोड. पण सांगत काय होता, तर ध्वनिलहरी सोडून दगड तरंगवायचे. मंत्र म्हणायचा, की शिळा हवेत. माझ्या शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "नाहीतर परग्रहावरून आले असणार." माझं डोकंच फिरलं. अहो, हजारो माणसांनी घाम गाळायचा, हाताला घट्टे पाडून घ्यायचे, आणि श्रेय कुणाला? तर तबकडीत बसून आलेल्या कुणाला तरी!

मी उभा राहिलो. ही, म्हणजे माझी बायको नलिनी, माझा सदरा खाली ओढत होती. मी म्हटलं, "मंत्र होता, मला मान्य आहे. तो 'हबेस' होता. बाकी लाकूड, दोर आणि माणसं. आजही आणून द्या तीन टनांचा दगड. लोखंडाचा तुकडा न वापरता छातीइतका वर ठेवून दाखवतो."

सभेत टाळ्या पडल्या. बोलून गेल्यावर घरी जाऊन हिच्या शिव्या खायच्या, एवढाच माझा बेत होता. पण प्रसाद घेत असताना चष्मा लावलेली एक तिशीची मुलगी समोर आली. "काका, मी मोहालीच्या नॉलेज सिटीत संशोधन करते. नेमका हाच माझा विषय आहे. तुम्ही म्हणालात ते खरंच करून दाखवाल? माझ्याकडे दगड आहे."

"दगड आहे?" मी म्हटलं. मुली सहसा असं सांगत नाहीत.

"राजस्थानातून आलाय. सात फूट लांब, तीन फूट रुंद, पावणेदोन फूट जाड. चार महिने नुसता पडून आहे. पुढच्या शुक्रवारी दिल्लीहून समिती येणार आहे. त्यांच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत दगड चौथऱ्यावर दिसला तर माझा प्रकल्प पुढे चालू राहील. नाही दिसला तर बंद. मी सामान बांधून नाशिकला परत."

"नाव काय तुझं?"

"आर्या."

मी एवढा हसलो की पंचखाद्य घशात अडकलं. तिला वाटलं, म्हाताऱ्याला काहीतरी झालं. श्वास परत आल्यावर मी तिला समजावलं, "पोरी, नाव छान आहे, पण दगडाजवळ हे चालणार नाही. माझे गडी हे ऐकून हातातलं सोडतील." तेव्हा ठरलं, की कामाच्या जागी तिला 'डॉक्टरबाई' म्हणायचं. गड्यांनी त्याचं 'डाक्टर बीबी' केलं. तिचे विद्यार्थी, फाटकावरचा रखवालदार, चहावाला, सगळ्यांना मी स्वतः जाऊन बजावलं. विद्यार्थ्यांनी तर पाटीच लावली, 'आर्या म्हणू नये'. ती पाटी वाचून तिच्या विभागप्रमुखांनी तिला बोलावून घेतलं आणि तुझं कुणाशी भांडण झालंय का म्हणून हळूच चौकशी केली.

दगड पाहिला. काम होण्यासारखं होतं. फक्त एक अडचण होती. मुकादम म्हणून मला गुरमेलच हवा होता, आणि त्याला फोन करायला मला दोन दिवस लागले.

गुरमेल सिंग खरडजवळच्या गावचा, माझ्याच वयाचा. माझ्यापेक्षा चांगला खलाशी. त्याच्या उजव्या हाताला तीन बोटं आहेत. दोन गेली, ती माझ्यामुळे गेली. कसं ते सांगतो. बावीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात आम्ही मोठा प्रेस बसवत होतो. मालकाने पंडिताकडून मुहूर्त काढलेला, अकरा चाळीसचा. अकरा पस्तीस झाले, पंडितजी घड्याळ दाखवतायत, मालक मला दाखवतोय, मालकाची बायको नारळ घेऊन उभी. आमचा नियम असा, की वजन जरा वर गेलं की खाली लाकडी पाचर मारत राहायचं. वजन बोटभर वर आलं की पाचर बोटभर आत सारायची. हात सुटला, दोर तुटला, तरी वजन त्या पाचरीवर बसतं, माणसावर बसत नाही. त्या दिवशी मी म्हटलं, "गुरमेल, पाचरी राहू दे, मुहूर्त जातोय." बल्ली निसटली. पुढचं सांगवत नाही. नारळ मात्र वेळेवर फुटला.

तेव्हापासून गुरमेल माझ्याशी कधी एक शब्द त्याबद्दल बोलला नाही. दिवाळीला मिठाई आणतो, लोहडीला रेवड्या आणतो, हिच्या हातचे घावन चापून खातो. पण मी तो विषय काढला, की "चाय पियो जी" म्हणून उठतो. त्याने मला शिव्या घातल्या असत्या, गचांडी धरली असती, तर बरं झालं असतं. बावीस वर्षं मी त्याच्या त्या हाताकडे न बघता त्याच्याशी बोलायला शिकलोय, आणि अजून मला ते नीट जमत नाही.

फोनवर मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बुधवारला येतो. घावन आहेत ना?"

म्हणजे गोष्ट अशी होती. आर्याला शुक्रवारच्या जेवणाआधी दगड वर हवा होता. मला तो हवाच होता, पण त्याहून जास्त मला गुरमेलची उरलेली तीन बोटं जशीच्या तशी घरी जायला हवी होती. मी त्याला सांगितलं, "तू फक्त हुकूम दे, दगडाजवळ हात नेऊ नकोस." तो मिशीत हसला आणि थेट दगडाजवळ जाऊन बसला.

दगड उचलायचा कसा, हे आता सोपं करून सांगतो, म्हणजे पुन्हा कुणी ध्वनिलहरींचं नाव काढणार नाही. दगड अख्खा कधीच उचलायचा नसतो. त्याचं एक टोक उचलायचं. दुसरं टोक खाली टेकलेलं असतं, म्हणजे निम्मं वजन जमिनीने घेतलं. त्या टोकाखाली सालाची लांब बल्ली घालायची, जवळच टेकू द्यायचा आणि बल्लीच्या लांबच्या टोकाला माणसं लटकवायची. टेकू जितका दगडाजवळ, तितका माणसाचा भार मोठा होतो. टोक एक बोट वर आलं की फळी सारायची. मग तिकडे जाऊन दुसरं टोक. पुन्हा इकडे. दगड डावीकडे झुकतो, उजवीकडे झुकतो, आणि झुकता झुकता वर चढतो. त्याला स्वतःलाही कळत नाही.

"एक बोट म्हणजे किती मिलिमीटर?" आर्याने विचारलं.

"ज्याचं बोट त्याला विचार."

तिचे दोन विद्यार्थी कसलंसं मोजायचं यंत्र घेऊन गुरमेलच्या डाव्या हाताचं बोट मोजू लागले. आडवं मोजलं, उभं मोजलं, सकाळी मोजलं, दुपारी उन्हात फुगतं का म्हणून पुन्हा मोजलं. गुरमेल एखाद्या नवरदेवासारखा हात पुढे करून बसला होता. म्हणाला, "उस्ताद जी, आजवर माझ्या बोटाची एवढी कदर कुणी केली नव्हती." मी दुसरीकडे बघितलं.

बुधवारी दगड गुडघ्यापर्यंत आला. गुरुवारी दुपारी कमरेपर्यंत. आर्या वहीत आकडे लिहीत होती आणि नखं खात होती. संध्याकाळी तिने हिशेब मांडला, की या गतीने शुक्रवारी जेवणापर्यंत चार बोटं कमी पडणार. ती माझ्याकडे आली. "काका, प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंना पाचरी मारण्यातच निम्मा वेळ जातोय. उद्याचा दिवस नाही मारल्या तर? फक्त फळ्या?"

मी तिच्यावर असा खेकसलो की चहावाल्याच्या हातातला ट्रे हलला. तिचे डोळे भरून आले. मग मलाच कसंतरी झालं. तिला स्लीपरवर बसवलं आणि बावीस वर्षांपूर्वीचा तो मुहूर्त तिला सांगितला. हिच्याशिवाय मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. तिने वही मिटली. शेवटी म्हणाली, "मग नाशिक तर नाशिक. पाचरी मारायच्या." दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती स्वतः लाकडी मोगरी घेऊन पाचरी ठोकत होती, आणि दर तिसरा घाव स्वतःच्या बुटावर घालत होती.

समिती साडेअकरालाच आली. तीन जण. त्यांतले अध्यक्ष टोपी घातलेले, उंच, हात मागे बांधून चालणारे. त्यांनी थप्पी पाहिली. थप्पी म्हणजे दगडाखाली आडव्या-उभ्या रचत गेलेल्या लाकडांचा मनोरा. मग घड्याळ पाहिलं. "जेवण एक वाजता आहे ना?" त्यांना संशोधनापेक्षा जेवणाची काळजी जास्त होती, पण तशी ती आम्हालाही होती. तीन उचली बाकी होत्या. मग दगड चौथऱ्याच्या वर येणार, आणि लाकडी रुळांवरून त्याला आडवा सरकवायचा की काम फत्ते.

गड्यांनी बल्ली धरली. गुरमेल म्हणाला, "हबेस!" सहा गडी लटकले. दगडाचं टोक उठलं. दोन्ही बाजूंनी आर्या आणि तिचा विद्यार्थी पाचरी आत ठोकत गेले. गुरमेल काठीने फळी आत ढकलत होता. फळी गाठीला अडकली. त्याने काठीने दोनदा टोचून बघितलं, फळी सरकेना. मी बघतोय, तोच त्याने काठी टाकली आणि हात आत घातला. तोच उजवा हात. डाक्टर बीबीची नोकरी जाऊ नये म्हणून ती घाई, दुसरं काही नाही. मी ओरडायला तोंड उघडलं.

आणि त्याच क्षणी फाटकाकडून हाक आली, "आर्याऽऽ! अगं आर्याऽऽ, खाऊन घे गो आधी!"

ती आमची ही होती. चाळीस वर्षांत कधी माझ्या कामावर पाऊल न ठेवलेली बाई, रिक्षा करून मनीमाजऱ्याहून घावनांचा डबा घेऊन आली होती. आठवडाभर आर्या आमच्याकडे जेवत होती, आणि हिचा तिच्यावर जीव जडला होता. रखवालदाराला मी सांगितलं होतं, चहावाल्याला सांगितलं होतं, विभागप्रमुखांनासुद्धा सांगितलं होतं. घरी सांगायचं राहिलं. घरी कोण सांगतं हो असलं काही? आणि हिचा आवाज! लहानपणी खाडीच्या पलीकडून होडीवाल्याला हाक मारायची सवय. ती हाक अख्ख्या नॉलेज सिटीने ऐकली.

सहाच्या सहा गड्यांनी आज्ञाधारकपणे हात सैल केले. दगड बसला.

धप्प असा आवाज झाला. धूळ उडाली. समितीतले तिन्ही विद्वान एका उडीत गाडीमागे गेले, टोपी वाटेत पडली. मला काहीच दिसेना. बावीस वर्षांपूर्वीचा वास आला नाकात, ग्रीसचा आणि नारळाच्या पाण्याचा. मी फक्त "गुरमेल, गुरमेल" करत होतो.

धूळ खाली बसली. गुरमेल दगडाजवळ तसाच उकिडवा बसलेला. हात अजून आत. त्याने तो हळूच बाहेर काढला, डोळ्यांसमोर धरला आणि माझ्याकडे वळवला. "तिन्न सी," तो म्हणाला, "तिन्न ही ने." तीन होती, तीनच आहेत.

दगड पाचरींवर बसला होता. अर्धं बोटही खाली आला नव्हता. आर्याने ज्या पाचरी ठोकल्या होत्या, त्यांच्यावर तीन टन निवांत टेकले होते, आणि गुरमेलचा हात होता त्या फटीत एखादा उंदीर आरामात बसला असता.

अध्यक्ष टोपी झटकत परत आले. "गिर गया ना?" ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात समाधान होतं, खोटं कशाला सांगू.

मला वाटलं, आता आर्या रडणार. तिने पाचरीवर हात ठेवला आणि म्हणाली, "सर, हेच दाखवायचं होतं. आपण सगळे विचारतो, की त्या लोकांकडे अशी कोणती विद्या होती. त्यांच्याकडे ही होती. चुकीच्या वेळी कुणीतरी चुकीची हाक मारणार, हे त्यांनी आधीच धरून ठेवलं होतं. ज्यांनी धरलं नाही, त्यांची देवळं आपल्याला दिसत नाहीत." अध्यक्षांनी खिशातून कागद काढला आणि ते वाक्य पुन्हा सांगायला लावलं. मग वाकून, चष्मा वर करून, त्यांनी स्वतः त्या पाचरीला बोट लावून पाहिलं.

"मी काय केलं गो?" ही डबा छातीशी धरून रखवालदाराला विचारत होती. तो बिचारा तिला पाटी दाखवत होता.

उरलेल्या उचली झाल्या. गुरमेलने "हबेस" म्हटलं तेव्हा त्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. दगड चौथऱ्यावर सरकला, नीट बसला, तोवर एक वाजून वीस मिनिटं होऊन गेली होती, पण अध्यक्षांनी जेवणाचं नाव काढलं नाही. जाताना त्यांनी आर्याला विचारलं, पुढच्या वर्षी याहून मोठा दगड मिळेल का. ती गड्यांच्या गळ्यात पडायचीच बाकी राहिली. कौस्तुभही आला होता, मंडळातर्फे फोटो काढायला. तो माझ्या जवळ येऊन म्हणाला, "काका, ध्वनीचा परिणाम होतो हे तर सिद्ध झालं ना?" मी त्याला मारलं नाही, हे माझं मोठेपण.

मग आम्ही झाडाखाली बसलो. हिने घावन वाढले, वर ओलं खोबरं घातलेली हिरवी चटणी. गुरमेल माझ्या शेजारी. आणि मी बोललो. बावीस वर्षं जे अडून राहिलं होतं, ते बोललो. "गुरमेल, उस दिन जल्दी मेरी थी. मुहूर्त का बहाना था. पाचर मैंने छुडवाई थी."

"मैनूं पता सी," तो घावन मोडत म्हणाला. मला माहीत होतं.

"मग एवढी वर्षं बोलला का नाहीस? एकदा शिवी तरी घालायचीस. नाहीतर माफ तरी करायचंस."

त्याने हात पुसले आणि माझ्याकडे बघितलं. "जे मैं माफ कर देंदा, तुसीं फेर काहली करदे." मी माफ केलं असतं, तर तुम्ही पुन्हा घाई केली असती. मग म्हणाला, "बावीस वर्षांत तुमच्या हाताखाली कितीतरी गडी येऊन गेले, उस्ताद जी. प्रत्येकाची दहाच्या दहा बोटं घरी गेली. मी मोजत होतो."



"अज्ज तुसीं पक्के रिटायर हो गए," तो म्हणाला. आज तुम्ही खरे रिटायर झालात. "जाओ, माफ."

मी घावन तोंडात घातला. डोळे वाहायला लागले ते थांबेनात. हिने पुढे वाकून विचारलं, "अहो, चटणी तिखट झालीय का?"

मी हो म्हणणार होतो. गुरमेलने मला बोलू दिलं नाही. "चटनी बिलकुल ठीक है, भाभीजी," तो म्हणाला, "इनको रोने दो." आणि आपल्या ताटातला घावन माझ्या ताटात घालून तो आणखी मागायला उठला.